कागद, संगणक आणि औंढ्याची जमीन : आयुकातील गुरुत्वीय लहरी संशोधनाची वाटचाल

आयुकातल्या गुरुत्वीय लहरींच्या गटाचा इतिहास लिहायचा तर एक गोष्ट सुरुवातीलाच नोंदवायला हवी. या गटाने पंचवीस वर्षांहून अधिक काळ अशा संकेताचा अभ्यास केला, जो तोवर जगातल्या कुठल्याही यंत्रावर उमटलेला नव्हता. विद्यार्थी येत, पीएच.डी. करून बाहेर पडत, आणि त्यांच्या प्रबंधातला संकेत संगणकानेच तयार केलेल्या गोंगाटात संगणकानेच मिसळलेला असे. अशा विषयाला एका नव्या संस्थेने जागा दिली, माणसे दिली, संगणक दिले आणि निकालासाठी घाई केली नाही. या स्मरणिकेत आयुकाच्या इतर कामांच्या नोंदी येतीलच. पण संस्थेचा स्वभाव या कामात जितका दिसतो तितका क्वचितच दुसरीकडे दिसेल, असे मला वाटते.

आयुकाची, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीच्या आंतरविद्यापीठीय केंद्राची, स्थापना १९८८ सालची. विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष यशपाल यांनी विद्यापीठांसाठी सामाईक केंद्र असावे ही कल्पना उचलून धरली आणि ती उभी करायची जबाबदारी जयंत नारळीकरांनी घेतली. नरेश दधीच आणि अजित केंभावी हे पहिल्या दिवसापासूनचे सहकारी. गणेशखिंडीत पुणे विद्यापीठाच्या आवारात चार्ल्स कोरिया यांच्या आराखड्यानुसार इमारती उभ्या राहिल्या आणि २८ डिसेंबर १९९२ रोजी सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या हस्ते संस्थेचे लोकार्पण झाले. सापेक्षतावाद हा नारळीकर आणि दधीच या दोघांचाही जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे गुरुत्वीय लहरींवर काम करायचे म्हणणाऱ्याला इथे आधी स्वतःची बाजू पटवून द्यावी लागत नव्हती.

ते काम घेऊन आले संजीव धुरंधर. ऐंशीच्या दशकात त्यांनी वेल्समधल्या कार्डिफ इथे बर्नार्ड शुट्झ यांच्या गटाबरोबर काम केले होते. मासिमो टिंटो यांच्याबरोबरचा त्यांचा १९८८ चा शोधनिबंध एकाहून अधिक डिटेक्टरांच्या जाळ्याने आकाशाचे निरीक्षण कसे करता येईल यावर आहे. लायगो या अमेरिकेतल्या डिटेक्टरांच्या बांधकामाला तेव्हा सुरुवातही झालेली नव्हती. जाळ्याचा हा विचार पुढे जवळजवळ चाळीस वर्षे या गटाबरोबर राहिला, आणि लायगो-इंडिया या भारतातल्या नियोजित डिटेक्टरसाठी निवडलेल्या औंढ्याच्या जमिनीपर्यंत पोहोचलेली वाट तिथूनच निघते.

अडचण काय होती, हे इथे थोडे सविस्तर सांगतो, कारण गटाचे सगळे काम त्या अडचणीतून उभे राहिले आहे. दोन कृष्णविवरे किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत फिरत विलीन होतात तेव्हा अवकाशच ताणले आणि आवळले जाते; हीच गुरुत्वीय लहर. पृथ्वीवर येईतो हा ताण इतका क्षीण होतो की मूळ लांबीत पडणारा फरक एकावर एकवीस शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येत एक भाग इतकाच उरतो. लायगोच्या बाहूंच्या ४ किलोमीटर लांबीत हा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका भरतो. असे मोजमाप आरसे आणि लेसर वापरून करायचे म्हटल्यावर जमीन थरथरते, आरशाच्या काचेतले अणू उष्णतेने हलतात, लेसरच्या प्रकाशकणांची संख्या क्षणाक्षणाला कमीजास्त होते. हे सगळे मिळून जो गोंगाट होतो त्यात बहुतेक संकेत डोळ्यांना दिसतच नाहीत.

जोसेफ वेबर यांनी मेरीलँडमध्ये ॲल्युमिनियमचे जड दंडगोल टांगून १९६९ साली लहरी सापडल्याचे जाहीर केले होते. इतर प्रयोगशाळांना मात्र त्या कधीच सापडल्या नाहीत. या प्रकरणाने विषयाची पत घसरली. ती सावरली १९७४ साली हल्स आणि टेलर यांनी शोधलेल्या जोड-पल्सारने. त्या जोडीची कक्षा सापेक्षतावादाने सांगितलेल्या दरानेच आक्रसत होती. म्हणजे लहरी असतात याचा भरवसा मिळाला होता. प्रश्न उरला त्या प्रत्यक्ष पकडण्याचा, आणि पकडल्या असे पुन्हा कुणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवायचा कसा याचा.

या दुसऱ्या प्रश्नावर पुण्यात काम सुरू झाले. गोंगाटात दडलेला संकेत शोधण्याची एक जुनी रीत आहे. संकेताचा आकार आधी ठाऊक असेल तर त्याचा नमुना आलेल्या माहितीवरून सरकवत न्यायचा आणि तो कुठे जुळतो ते पाहायचे. विलीन होणाऱ्या जोडीचा संकेत कसा असेल हे सापेक्षतावाद सांगतो. कंप्रता चढत जाते, आयाम वाढत जातो आणि शेवटी सगळे एकदम थांबते. पण जोडीतल्या ताऱ्यांची वस्तुमाने आधी ठाऊक नसतात, म्हणून नमुने अनेक लागतात. किती लागतात? या नमुन्यांची बँक म्हणजे चपलांच्या दुकानातली मापे समजावीत. दोन मापांत अंतर फार ठेवले तर काही गिऱ्हाइकांच्या पायांना काहीच बसत नाही. फार बारीक ठेवले तर दुकानात माल ठेवायला जागा उरत नाही. बी. एस. सत्यप्रकाश तेव्हा आयुकात पीएच.डी.नंतरचे संशोधन करत होते. त्यांचा आणि धुरंधर यांचा १९९१ चा शोधनिबंध याच प्रश्नावरचा आहे. पुढच्या लेखनात त्यांनी दाखवून दिले की वस्तुमानांऐवजी संकेत अमुक कंप्रतेपासून शेवटापर्यंत जायला किती वेळ घेतो हे माप धरले, तर नमुने जवळजवळ समान अंतरावर मांडता येतात. त्यामुळे संगणकावर किती भार पडेल याचा हिशेब आधीच करता येऊ लागला.

आज ही गोष्ट साधी वाटेल. १९९१ मध्ये संगणकाचा एकेक तास मोलाचा होता. सौम्य मोहंती आणि धुरंधर यांनी १९९६ मध्ये शोध दोन टप्प्यांत करण्याची पद्धत मांडली. आधी विरळ नमुन्यांनी चाळायचे आणि जिथे काही हाती लागेलसे वाटते तिथेच दाट नमुने लावायचे. काटकसरीची ही पद्धत गरजेपोटी सुचली होती. पुढे लायगोच्या पहिल्या प्रगत निरीक्षणसत्रात सुमारे अडीच लाख नमुन्यांची बँक वापरली गेली. तेव्हा बँक कशी मांडावी याचा पाया पंचवीस वर्षांपूर्वी पुण्यात घातलेला होता.

मग जाळ्याचा प्रश्न आला. अर्चना पै, धुरंधर आणि सुकांत बोस यांनी २००१ मध्ये अनेक डिटेक्टरांची माहिती एकत्र करून, जणू ते सगळे मिळून एकच यंत्र आहे असे धरून, शोध कसा घ्यावा याचे गणित मांडले. संजित मित्र, धुरंधर, तरुण सौरदीप आणि सहकाऱ्यांनी दोन डिटेक्टरांची माहिती एकमेकांशी ताडून आकाशातल्या विखुरलेल्या, अविरत लहरींचा नकाशा काढण्याची रीत तयार केली. जमिनीवरच्या डिटेक्टरांना अशा लहरी अजून सापडलेल्या नाहीत. हाती आल्या आहेत त्या कमाल मर्यादा, म्हणजे यापेक्षा जास्त असत्या तर दिसल्या असत्या एवढेच ठाम उत्तर. अशा निकालांना वर्तमानपत्रात जागा मिळत नाही. संस्थेच्या इतिहासात मात्र ती मिळायला हवी, कारण मर्यादा नेमकी सांगता येणे हेही मोजमापच असते.

राजेश नायक, ज्याँ-इव्ह विने आणि धुरंधर यांनी २००२ मध्ये लिसा या अवकाशातल्या नियोजित डिटेक्टरसाठी केलेले काम मला गटाच्या सगळ्या कामांत सर्वांत देखणे वाटते. लिसाची तीन याने एकमेकांपासून २५ लाख किलोमीटर अंतरावर सूर्याभोवती फिरतील. त्यांच्यातली अंतरे सारखी नसतील आणि बदलतही राहतील. त्यामुळे जमिनीवरच्या डिटेक्टरात लेसरची अस्थिरता जशी आपोआप वजा होते तशी तिथे होणार नाही. नोंदी वेगवेगळ्या वेळा पुढेमागे सरकवून एकमेकींतून वजा केल्या तर मात्र ती घालवता येते. अशा वजाबाक्या नेमक्या किती आणि कोणत्या, याचे संपूर्ण उत्तर या तिघांनी शुद्ध बीजगणितातल्या एका सिद्धांताच्या आधारे दिले. युरोपीय अवकाश संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये लिसाला अंतिम मंजुरी दिली असून प्रक्षेपण २०३५ च्या सुमारास अपेक्षित आहे.

या विषयात भारतीय शास्त्रज्ञांच्या कामाचे आणखी दोन प्रवाह होते, त्यांचाही उल्लेख व्हायला हवा. सी. व्ही. विश्वेश्वर यांनी १९७० मध्येच दाखवले होते की धक्का बसलेले कृष्णविवर विशिष्ट कंप्रतेने थरथरून शांत होते. बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेत बाला अय्यर यांनी फ्रेंच आणि अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर विलीन होणाऱ्या जोडीच्या लहरींचा आकार अधिकाधिक अचूक काढत नेला. नमुना अचूक नसेल तर बँक कितीही दाट असून उपयोग नाही; त्यामुळे बंगळूरचे आणि पुण्याचे काम एकमेकांना पूरक ठरले. हे सगळे धागे जोडून २००९ मध्ये इंडिगो हा भारतीय संशोधकांचा समूह स्थापन झाला.

१४ सप्टेंबर २०१५. भारतात दुपारचे ३ वाजून २० मिनिटे झाली होती. लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या डिटेक्टरवर संकेत आला आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी तो ३,००० किलोमीटर दूर वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला पोहोचला. कंप्रता ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढली आणि ०.२ सेकंदात सगळे संपले. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एक झाली होती आणि सुमारे ३ सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले होते. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जाहीर झाली तेव्हा भारतात रात्रीचे नऊ वाजले होते. ज्या थरथरीचे गणित विश्वेश्वर यांनी १९७० मध्ये मांडले होते तिचा माग त्यांच्या हयातीत सापडला. पुढच्या वर्षी जानेवारीत ते गेले.

हा संकेत खरा असल्याचे कसे ठरले, यात वेबर यांच्या प्रकरणातून शिकलेला धडा दिसतो. एका डिटेक्टरची माहिती मुद्दाम मागेपुढे सरकवून पुन्हा पुन्हा जुळवून पाहिली गेली. अशा जुळणीत जे काही सापडेल ते निव्वळ योगायोगच असणार, कारण खरी लहर दोन्हीकडे १० मिलिसेकंदांच्या आत पोहोचायलाच हवी. असा योगायोग २ लाखांहून अधिक वर्षांत फार तर एकदा घडेल, असा हिशेब निघाला, तेव्हा कुठे शोधनिबंध लिहिला गेला.

गोंगाटाचे प्रकार तरी किती! हॅनफर्डला २०१७ च्या उन्हाळ्यात नोंदींमध्ये अधूनमधून काही विचित्र ठोके उमटू लागले. माग काढत गेल्यावर आढळले की द्रवरूप नायट्रोजनच्या नळ्यांवर जमलेला बर्फ डोमकावळे तहानेपोटी टोचत होते. चोचीचा तो आघात नळीतून निर्वात यंत्रणेपर्यंत पोहोचत होता. समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आदळतात त्याची थरथर, जंगलातली लाकूडतोड, दूरवरचा मोठा भूकंप हे सगळे यंत्राला जाणवते. भूकंपाच्या लाटा आल्या की आरशांवरचा ताबा सुटतो आणि तो पुन्हा मिळेपर्यंत निरीक्षण बंद पडते. खोटे ठोके आणि खरे संकेत वेगळे करणाऱ्या सांख्यिकी कसोट्यांवर आयुकातल्या गटाने दीर्घकाळ काम केले आहे. सारथी हा आयुकातला संगणकसमूह आज याच विश्लेषणासाठी राबतो.

काही मर्यादा मात्र हुशारीने ओलांडता येत नाहीत. सुमारे १० हर्ट्झच्या खाली जमिनीची थरथर यंत्राला आंधळे करते. आरसे चार पदरी लोलकावर, केसाहून काही पटच जाड काचेच्या तंतूंवर टांगले तरी जमिनीतून जाणाऱ्या कंपनांमुळे आसपासचे वस्तुमान हलते आणि त्याचे गुरुत्वाकर्षणच आरशाला ओढते. गुरुत्वाकर्षणापुढे कोणताही आडोसा उभा करता येत नाही. म्हणूनच लिसाला अवकाशात जावे लागणार आहे. त्याहूनही संथ, वर्षानुवर्षांची एकेक लाट असलेल्या लहरींसाठी पल्सारांच्या ठोक्यांची वेळ मोजावी लागते. ते काम नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी दुर्बिणीने केले. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय गटांनी अशा लहरींच्या पार्श्वभूमीचा पुरावा मांडला, त्यात जीएमआरटीच्या नोंदी होत्या. गुरुत्वीय लहरींच्या दोन अगदी वेगळ्या पट्ट्यांवर एकाच जिल्ह्यातून काम होते आहे, याचा पुणेकरांना अभिमान वाटावा.

दुसरी मर्यादा दिशेची. डिटेक्टर दुर्बिणीसारखा रोखता येत नाही; तो जवळजवळ सगळ्या आकाशाचे एकदमच ऐकतो. लहर कुठून आली हे कळते ते वेगवेगळ्या डिटेक्टरांवर ती पोहोचण्यातल्या फरकावरून. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचे विलीनीकरण लायगोने टिपले. इटलीतल्या व्हर्गो डिटेक्टरवर हा संकेत जेमतेमच आला, आणि त्यावरूनच कळले की स्रोत व्हर्गोला नीट ऐकू न येणाऱ्या दिशेला असणार. शोधाचा टापू सुमारे २८ चौरस अंशांवर आला. अकरा तासांच्या आत दुर्बिणींनी १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत या विलीनीकरणाचा प्रकाश शोधून काढला. पुढे जीएमआरटीनेही त्याचा माग घेतला. त्याउलट २५ एप्रिल २०१९ ची घटना. तीही बहुधा न्यूट्रॉन ताऱ्यांचीच, पण हॅनफर्ड तेव्हा बंद होते आणि व्हर्गोला संकेत फार क्षीण होता. शोधाचा टापू निघाला ८,००० चौरस अंशांहून मोठा, म्हणजे साधारण एक पंचमांश आकाश. प्रकाश सापडला नाही.

या दोन तारखा शेजारी ठेवल्या की लायगो-इंडिया का हवे हे वेगळे सांगायला नको. प्रगत लायगोच्या आराखड्यात तीन डिटेक्टर होते, त्यांपैकी दोन हॅनफर्डलाच. एकाच जागी दोन यंत्रे असून दिशा कळायला मदत होत नाही, म्हणून तिसरे दुसऱ्या खंडावर न्यायचा विचार पुढे आला. आधी ऑस्ट्रेलियाला विचारणा झाली. तिथे निधीची व्यवस्था होऊ शकली नाही. मग भारताचे नाव आले, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने त्याला संमती दिली. भारतातून हॅनफर्ड किंवा लिव्हिंग्स्टन म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ आरपार. प्रकाशाच्या वेगानेही ३० मिलिसेकंदांहून अधिक लागतात. अंतर जितके जास्त, तितकी दिशा नेमकी.

या प्रकल्पात आयुकाकडे जागेची निवड, माहितीचे विश्लेषण आणि मनुष्यबळाची जडणघडण आली. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे निर्वात यंत्रणा, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे प्रकाशयंत्रणा आणि अणुऊर्जा विभागाच्या बांधकाम शाखेकडे इमारती. देशभरातल्या जागा तपासल्यावर हिंगोली जिल्ह्यातले औंढा नागनाथ निवडले गेले. मराठी माणसाला हे गाव ज्योतिर्लिंगामुळे आणि नामदेवांमुळे ठाऊक. निवडीमागे मात्र सपाट जमीन, वाहतुकीपासूनचे अंतर आणि जमिनीचे स्थैर्य होते. ४ किलोमीटरच्या बाहूत पृथ्वीच्या वक्रतेमुळेच सव्वा मीटरचा फरक पडतो. प्रकाश सरळ जातो, म्हणून नळी त्या सरळ रेषेत बसवावी लागते. नळीतला दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या भागाइतका कमी लागतो. २०२४ मध्ये हिंगोली परिसरात भूकंपाचे मध्यम धक्के जाणवले, तेव्हा अनेकांना चिंता वाटली. अशा धक्क्याने निरीक्षणात खंड पडेल हे खरे. पण यंत्राला खरा त्रास असतो तो रोजच्या, चोवीस तासांच्या थरथरीचा, आणि जागा पारखताना तीच मोजावी लागते.

१७ फेब्रुवारी २०१६ रोजी, शोधाच्या घोषणेनंतर सहाच दिवसांत, केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रकल्पाला तत्त्वतः मंजुरी दिली. अंतिम मंजुरी आणि २,६०० कोटी रुपये मिळाले ते ६ एप्रिल २०२३ रोजी. मधल्या सात वर्षांत लायगोची दोन मोठी निरीक्षणसत्रे होऊन गेली आणि २०१९ ची ती घटनाही. हा उशीर महागात पडला, असे मी स्पष्टपणे म्हणेन. त्या काळात आयुकाने पाहणी, भूसंपादनाचा पाठपुरावा, परिसरातल्या शाळांमधले कार्यक्रम आणि तरुणांचे प्रशिक्षण चालू ठेवले, हे नोंदवताना मला कृतज्ञता वाटते.

मंजुरीच्या वेळी २०३० चे उद्दिष्ट सांगितले गेले. तोवर युरोपात आइन्स्टाइन टेलिस्कोप आणि अमेरिकेत ४० किलोमीटर बाहूंचा कॉस्मिक एक्सप्लोरर यांची चर्चा पुढे गेलेली असेल, मग आपले यंत्र जुने ठरणार नाही का, असे विचारले जाते. ती यंत्रे अजून आराखड्यातच आहेत, आणि दिशा ठरवायला लागणारे पृथ्वीवरचे स्थान कुठलाही मोठा बाहू देऊ शकत नाही. खरी काळजी वेगळी आहे. नळ्या बसल्या, आरसे टांगले म्हणजे डिटेक्टर ऐकू लागत नाही. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन यांच्या पहिल्या पिढीने २००२ ते २०१० या काळात एकही संकेत पकडला नाही. गोंगाटाचा एकेक स्रोत शोधून दूर करण्यात वर्षे गेली. औंढ्यालाही ती द्यावी लागतील. पुण्यात आजवर तयार झालेली माणसे प्रामुख्याने गणिताची आणि संगणकाची. आता निर्वाताची गळती शोधणारे, लेसर सांभाळणारे, रात्रपाळीत आरशांवर ताबा परत मिळवणारे हात हवेत. असे तरुण लायगोच्या अमेरिकेतल्या जागांवर जाऊन शिकत आहेत, आणि भारतासाठी राखलेल्या डिटेक्टरचे भाग हॅनफर्डला खोक्यांत बांधून ठेवलेले आहेत.